वडिलांसाठी बॅटरी घ्यायची आहे: झोत लांबचा की पसरट? बजेट दीड हजार

सड्याखालचा | १८ एप्रिल, रात्री १०:१२

मंडळी, सल्ला हवा आहे.

आमचं घर राजापूर तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावर. रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी आहे, चिऱ्याच्या सत्तर-ऐंशी पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. विहीर आणि पंप खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला. बाबा ७३ वर्षांचे आहेत. उन्हाळ्यात लाईट येईल तेव्हा पंप लावायला उठतात, मग रात्रीचे दोन असोत की चार. हातात जुनी दोन सेलची बॅटरी. तिचा उजेड म्हणजे मध्ये एक ठिपका आणि भोवती काळोख. गेल्या आठवड्यात पायरीवर विषारी साप होता, फुरसं. बाबांचा पाय त्याच्यापासून वीतभर लांब पडला. त्यांनी फोनवर हे अगदी सहज सांगितलं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी ठाण्यात असतो. मे महिन्यात गावी जाईन तेव्हा चांगली बॅटरी घेऊन जायची आहे. बजेट दीड हजार, सेल आणि चार्जर धरून. ऑनलाइन बघायला बसलो तर ७९९ रुपयांत '१०,००० लुमेन, २ किलोमीटर झोत' असं लिहिलेली एक, आणि तिच्या शेजारी तेवढ्याच पैशांत '३०० लुमेन' लिहिलेली दुसरी. कोणावर विश्वास ठेवायचा? आणि मुख्य प्रश्न, झोत कसा घ्यावा? लांब जाणारा की पसरणारा?

पोफळी | १८ एप्रिल, रात्री १०:३१

१०,००० वाली घेऊ नका. मी घेतली होती. सध्या एवढंच सांगते, घेऊ नका.

ओहम | १८ एप्रिल, रात्री ११:०५

लुमेनच्या आकड्याचं गणित घरी करता येतं, ते सांगतो.

या बॅटऱ्यांत बहुतेक १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. चांगला सेल ३००० एमएएचचा धरा. व्होल्टेज सरासरी ३.६, म्हणजे सेलमध्ये साधारण ११ वॅट-तास ऊर्जा. चांगली एलईडी एका वॅटमधून ढोबळमानाने १०० लुमेन काढते. म्हणजे १०,००० लुमेन द्यायला १०० वॅट लागतील. त्या हिशेबाने सेल सहा-सात मिनिटांत संपेल, आणि १०० वॅटची उष्णता त्या बोटभर नळीत मावत नाही, हात भाजेल. त्याच सेलवर ३०० लुमेन मात्र साडेतीन तास मिळतात आणि १०० लुमेन दहा-अकरा तास. म्हणून '३०० लुमेन' लिहिणारा दुकानदार बहुधा खरं बोलतोय.

सेलवरचा आकडाही असाच तपासा. १८६५० मापाच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो सेल हातात धरू नका. या मापात साडेतीन हजारांच्या आसपास गाडी थांबते. त्याहून मोठा २१७०० मापाचा सेल असतो, त्यात ५००० च्या आसपास खरे आकडे मिळतात.

आता झोत. लुमेन म्हणजे बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. तो एका दिशेला किती एकवटला आहे ते कॅन्डेलात मोजतात. खोक्यावर मीटरमध्ये जे अंतर लिहितात ते कॅन्डेलाच्या वर्गमुळाच्या दुप्पट. १०,००० कॅन्डेला असतील तर २०० मीटर. ४०,००० असतील तर ४०० मीटर, म्हणजे तीव्रता चौपट केली तेव्हा अंतर दुप्पट झालं. आणि हे अंतर कुठपर्यंतचं? जिथे उजेड पाव लक्सवर येतो तिथपर्यंतचं, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका. त्या उजेडात काहीतरी आहे एवढं कळेल, काय आहे ते कळणार नाही. म्हणून छापलेलं अंतर मी नेहमी निम्मं धरतो. निम्म्यावर उजेड चौपट, एक लक्स होतो आणि तिथे वस्तू ओळखू येते.

तुमच्या बाबांना दोनशे मीटरवरचं काही बघायचंच नाहीये. त्यांना पुढच्या पाच पायऱ्या बघायच्या आहेत.

माजघर | १९ एप्रिल, सकाळी ७:४०

सगळ्यांचं वाचलं. मला वाटतं आपण साध्या गोष्टीचं फार करतोय. माझी आजी चूड पेटवून पाणंदीने जायची, पुढे कंदील आला, मग पितळी बॅटरी आली. बाजारात दीडशेला मिळते ती प्लास्टिकची चार्जिंगची बॅटरी आमच्याकडे तीन वर्षं चालली आहे. पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायची, झालं. म्हाताऱ्या माणसाला सेल काढा, चार्जरला लावा, हे जमत नाही. महागाची बॅटरी कपाटात राहते आणि माणूस जुनीच घेऊन बाहेर पडतो.

ओहम | १९ एप्रिल, सकाळी ९:१५

माजघर, शेवटचं वाक्य अगदी खरं आहे, ते धरूनच निवड करायला हवी. फक्त त्या भिंतीत खोचायच्या बॅटऱ्यांत बऱ्याचदा शिसं-आम्लाची छोटी बॅटरी असते. ती रिकामी होऊन चार-सहा महिने पडली की आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचा थर बसतो आणि ती पुन्हा चार्ज धरत नाही. तुमच्याकडे रोज वापरात आहे म्हणून टिकली. बंद घरात टिकणार नाही.

कुर्लेकार | १९ एप्रिल, दुपारी १:२०

पयल्या पावसात व्हाळात कुर्ल्यो (खेकडे) धरूक जातंव आमी. थय ह्या लांब झोताचो काय उपेग नाय. झोत पाण्यार पडलो की चकाकता आणि आतला कायच दिसणा नाय. पसरट उजेड होयो, जरा पिवळसर होयो, आणि बॅटरी पाण्याच्या जवळ धरूची. चढणीचे मासे पण तसेच गावतत. पूर्वी गॅसबत्ती न्हेव, तिचो उजेड पसरटच. सड्याखालचा, तुमच्या बाबांका सांगा, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी. दोनव व्हयी.

निशाचर | १९ एप्रिल, रात्री ९:५०

पंधरा-सोळा पावसाळे आंबोलीत आणि सड्यांवर रात्री बेडूक-साप बघत फिरतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. फुरसं म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट. बिबट्या, मांजर, गुरं यांचे डोळे उजेडात चमकतात, कारण डोळ्याच्या आत, दृष्टिपटलामागे परावर्तक पडदा असतो. सापाचे डोळे असे चमकत नाहीत. त्यामुळे लांब झोत मारून साप 'दिसेल' या भरवशावर राहू नये. साप दिसतो तो आकारावरून, रंगावरून आणि सावलीवरून.

रंगाचं महत्त्व इथे येतं. फुरसं जांभ्यावर बसलं की तपकिरी-करडं अंग आणि पाठीवरची फिकट नक्षी दगडात मिसळून जाते. स्वस्त बॅटरीचा उजेड निळसर पांढरा असतो, ६५०० केल्विन किंवा वर. त्यात तांबड्या-तपकिरी छटा मरतात. चिरा, पाचोळा, फुरसं, सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. ४००० ते ५००० केल्विनचा, आणि रंग नीट दाखवणारा उजेड घ्या. खोक्यावर 'सीआरआय ९०' किंवा त्याहून जास्त असं लिहिलेलं असतं. लुमेन थोडे कमी मिळतात, पण पाचोळा आणि साप वेगळे ओळखू येतात. मी स्वतः एकाच दगडावर दोन्ही उजेड टाकून बघितलं आहे, फरक लगेच कळतो.

दुसरी गोष्ट, बॅटरी धरायची कशी. डोळ्याजवळ धरली की सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि जमीन सपाट दिसते. मांडीच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर धरा, उजेड तिरपा जाऊ द्या. प्रत्येक खड्ड्याची, काटकीची, वेटोळ्याची सावली पडते. तुमच्या राजापुरात देवाचे गोठणे आणि बारसूला कातळशिल्पं आहेत ना? भर दुपारी ती नीट उमटत नाहीत, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खाचा उठून दिसतात. रात्री बॅटरी जमिनीलगत धरून एखादं शिल्प बघा, मी काय म्हणतोय ते एका मिनिटात पटेल.

आणि फुरसं बहुतेक वेळा जागचं हलत नाही. अंगावरचे खवले घासून खरखर आवाज करतं. बाबांना ऐकू नीट येत असेल तर त्यांना हे सांगून ठेवा.

तांबडी माती | १९ एप्रिल, रात्री १०:२२

कातळशिल्पांचं वाचून आनंद झाला. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. पण रात्री बघायला जाणाऱ्यांनी कृपा करून शिल्पांवर चालू नये. अंधारात कडा कळत नाहीत आणि पायाखाली खाचा झिजतात. बाजूने फिरावं.

हापूसवाला | २० एप्रिल, सकाळी ६:५५

माझं मत वेगळं आहे. माझी बाग देवगडात, चार एकर. एप्रिल-मेमध्ये रात्रीची राखण असते. माकडं दिवसा आणि डुकरं रात्री. बागेच्या या टोकावरून त्या टोकाला काय हललं ते मला दिसायलाच हवं, नाहीतर प्रत्येक आवाजाला चालत जायचं का? मला ३००-४०० मीटरचाच झोत लागतो, तोही बारीक. पसरट उजेडाने जवळची पानंच उजळतात आणि त्यामागचं काही दिसत नाही. कोकणातल्या माणसाला पसरट उजेडच हवा असं धरून चालू नका.

निशाचर | २० एप्रिल, सकाळी ८:३०

हापूसवाला, बागेसाठी तुमचं बरोबर आहे. फक्त एक विनंती. सिंधुदुर्गात आता बागांमध्ये गवे उतरतात, आणि दोडामार्गात २००२ पासून हत्ती आहेत. त्यांच्या डोळ्यांवर जवळून तीव्र झोत मारू नका. एकदा दिसला की उजेड बाजूला घ्या, त्याला जायला वाट मोकळी ठेवा. दिपलेला गवा कुठल्या बाजूला धावेल याचा भरवसा नसतो.

हापूसवाला | २० एप्रिल, सकाळी ९:०२

मान्य. गेल्या वर्षी गडग्याच्या पलीकडे एक एकटा गवा होता. मी झोत खाली जमिनीवर घेऊन उभा राहिलो. पाच मिनिटांनी स्वतःच निघून गेला.

दृष्टी | २० एप्रिल, दुपारी २:१५

मी नेत्रतज्ज्ञ आहे. बाबांचं वय ७३ वाचलं म्हणून लिहिते.

या वयात बाहुली तरुणपणीइतकी मोठी होत नाही, शिवाय डोळ्यातलं भिंग पिवळसर झालेलं असतं. म्हणून उजेड जास्त लागतो. पण मोतीबिंदूची सुरुवात असेल तर भिंगात उजेड विखुरतो आणि तीव्र ठिपक्याने डोळे दिपतात. म्हणजे उजेड भरपूर हवा आणि सौम्यही हवा. त्याचं उत्तर पसरट झोत. मध्ये झगझगीत ठिपका आणि कडेला अंधार असेल तर बाहुली ठिपक्यामुळे आकुंचन पावते आणि कडेची पायरी नेमकी दिसत नाही. म्हातारी माणसं पायरीच्या कडेलाच पडतात.

अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. झोपेतून उठल्यावर डोळा सरावलेला असतो, तेव्हा बॅटरी लावल्याबरोबर सगळ्यात मोठा उजेड लागू नये. आधी कमी, मग जास्त, अशी घ्या.

आणि बाबांचे डोळे गेल्या वर्षभरात तपासले नसतील तर मेमध्ये बॅटरीबरोबर तेही काम करून टाका.

रापण | २० एप्रिल, रात्री ८:४०

होडीवर असतो. खाऱ्या वाऱ्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. किनाऱ्यावर बॅटरी मरते ती एलईडीमुळे नाही, स्प्रिंग आणि आटे गंजून मरते. स्प्रिंगवर हिरवट थर आला की उजेड मिणमिणायला लागतो आणि लोक म्हणतात बॅटरी खराब झाली. महिन्यातून एकदा मागचं टोपण उघडून आटे आणि स्प्रिंग स्वच्छ फडक्याने पुसा. आट्यांना आणि रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीस चोपडा, अगदी थोडं. व्हॅसलीन लावू नका, काही रबरं त्याने फुगतात.

पाण्याचं मानांकन बघा. आयपीएक्स४ म्हणजे नुसते शिंतोडे. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आमच्या पावसाला निदान ७ हवं. पण ही चाचणी गोड्या पाण्यातली असते. समुद्रात पडली तर काढून लगेच गोड्या पाण्यात बुडवा, मग उघडून वाळवा. आणि पुढचं तोंड मागेपुढे सरकवून झोत लहानमोठा करायची बॅटरी पावसात घेऊ नका, तोंड सरकतं तिथूनच पाणी आत जातं.

जाता जाता. समुद्रात मोठे एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर उजेड दिसतो, आणि किनाऱ्यावरून ओढायचं आमचं जाळं, रापण, रिकामं येतं. उजेडाचा धागा आहे म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

वेळासची | २० एप्रिल, रात्री ९:३३

रापण, तुमचं दुःख समजतं. उजेडाने समुद्राचं काय होतं ते आम्ही वाळूवर बघतो. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं क्षितिजावर जिकडे जास्त उजेड तिकडे चालतात, एरवी तो समुद्राचा असतो. मागे कोणी पांढरी बॅटरी लावून उभं राहिलं की पिल्लं उलटी फिरतात. वेळास, आंजर्ल्याला येणाऱ्यांनी बॅटरी बंदच ठेवावी, अगदी लागलीच तर लाल आणि मंद. तेच मे-जूनमध्ये काजव्यांचं. नर चमकतो, मादी उत्तर देते, आपल्या झोतात त्यांना एकमेकांचं दिसत नाही.

मोबाईलप्रेमी | २१ एप्रिल, सकाळी १०:१०

बाबांकडे फोन असेलच. फोनची टॉर्च पसरट असते, उजेडही बरा असतो. दीड हजार कशाला घालवायचे?

पोफळी | २१ एप्रिल, सकाळी १०:४५

फोनची टॉर्च दोन-चार मीटरपर्यंत ठीक. पण फोन तिरपा धरून चालताना हात अवघडतो, पावसात भिजतो, आणि पायरीवर तोल गेला की माणूस आधी फोन वाचवायला जातो, स्वतःला नाही. माझ्या काकांचं मनगट असंच मोडलं. वर फुरसं चावलं तर त्याच फोनवरून १०८ लावायचा असतो. फोनची बॅटरी त्यासाठी राहू द्या.

औषधपाणी | २१ एप्रिल, दुपारी १२:०५

चावल्याचा विषय निघाला म्हणून दोन ओळी. दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका. पाय हलवू न देता थेट दवाखाना. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ परत मिळत नाही.

विंचवासाठी एक उपयोगी गोष्ट. अतिनील उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. ३९५ नॅनोमीटरची छोटी बॅटरी स्वस्तात मिळते. लाकडांचा ढीग, गोठा, न्हाणीघराची चूल रात्री तिने तपासावी, डोळ्यांत मात्र मारू नये. आपल्याकडच्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी किती माणसं जात होती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि असंख्य जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या दवाखान्यात आम्ही पेढे वाटले होते.

पूररेषा | २१ एप्रिल, रात्री ११:१८

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पुराची रात्र माळ्यावर काढली. घरात चार बॅटऱ्या होत्या, त्यांपैकी दोन पाण्यात, एकीचे सेल गळलेले. चालली ती एकच. तिच्यावर रात्रभर सहा माणसं.

त्या रात्री शिकलेलं सांगते. मोठा उजेड कोणालाच नको होता. सगळ्यात कमी उजेडावर ती पुरली आणि पहाटेपर्यंत टिकली. शिवाय माणसं घाबरलेली असतात तेव्हा डोळ्यात जाणारा झोत नको वाटतो. स्लॅबच्या घरात बॅटरी उभी करून उजेड छतावर मारला की खोलीभर पसरतो. आमचं माळ्यावर कौलारू छप्पर, काळी लाकडं, सगळा उजेड वर गिळला जात होता. शेवटी दुधाळ प्लास्टिकचा पाण्याचा कॅन बॅटरीवर ठेवला. कॅनभर उजेड झाला, कंदिलासारखा. तेव्हापासून असा एक कॅन माळ्यावरच असतो.

घ्याल त्या बॅटरीला खूप कमी उजेडाची पायरी आहे का ते जरूर बघा. जाहिरातीत ती कोणी ठळक लिहीत नाही.

बंद घर | २२ एप्रिल, सकाळी ७:५०

आमचं घर गणपती आणि मे सोडून बंद असतं. दर वेळी दार उघडल्यावर बॅटरीत गळलेले सेल. आता सेल बॅटरीबाहेर, वेगळ्या डबीत ठेवतो. ज्यांना रिचार्जेबल नको त्यांनी दीड व्होल्टचे लिथियमचे पेन्सिल सेल घ्यावेत. महाग आहेत, पण वर्षानुवर्षं पडून राहिले तरी चालतात आणि सहसा गळत नाहीत. गळलेल्या अल्कलाइन सेलची पांढरी पूड व्हिनेगरच्या बोळ्याने निघते, हे आईने शोधून काढलं.

रुळावरचा | २२ एप्रिल, सकाळी ११:३०

भाऊ कोकण रेल्वेत पावसाळी गस्तीला असतो. त्यांच्याकडे तीन रंगांची बॅटरी असते, पांढरा उजेड चालायला, लाल गाडी थांबवायला आणि हिरवा गाडी सोडायला. तो म्हणतो धो-धो पावसात आणि धुक्यात सगळ्यात मोठा उजेड लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डोळ्यापासून लांब, कमरेखाली धरायची आणि उजेड एक पायरी कमी करायचा. निशाचर यांनी सापासाठी सांगितलं तेच तो धुक्यासाठी सांगतो.

सड्याखालचा | २२ एप्रिल, रात्री ९:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. कातळशिल्पांचं उदाहरण वाचल्यावर मी घरातला लाईट बंद करून, फोन गुडघ्याशी धरून चालून बघितलं. फरशीवर पडलेली तांदळाची कणीसुद्धा सावलीमुळे दिसली.

आता ठरवलंय: पसरट झोत, ४००० केल्विनच्या आसपास, आयपीएक्स७. दीड हजारात हे बसतं का? आणि १८६५० सेल बाबांना देणं सुरक्षित आहे का?

ओहम | २२ एप्रिल, रात्री १०:२०

तुमच्या कामाला वापरायचा उजेड १५० ते ४०० लुमेन पुरेसा. आकडा दुप्पट केला तरी डोळ्याला दुप्पट वाटत नाही, त्यासाठी साधारण चौपट लागतो. म्हणून ३०० वरून ६०० ला जाण्यासाठी पैसे देऊ नका. ते पैसे रंग, पाणी आणि चांगल्या सेलवर घाला.

आतला आरसा गुळगुळीत असेल तर झोत लांब जातो. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल तर ठिपका विरघळतो आणि उजेड सारखा पसरतो. तुम्हाला खडबडीत हवा, किंवा समोर मधमाशीच्या पोळ्यासारख्या नक्षीचं भिंग असलेली. कॉन्व्हॉय, सोफिर्न, वुर्कोस ही नावं शोधा. यांच्या काही बॅटऱ्यांत उजेडाचा रंग निवडता येतो. बाहेरून येणाऱ्या मालाची किंमत विक्रेत्यागणिक बदलते, दोन-तीन ठिकाणी बघा.

सेलबद्दल. संरक्षक सर्किट असलेला, ओळखीच्या दुकानातला घ्या. सुटा सेल किल्ल्यांच्या खिशात कधीही नको. वरचं प्लास्टिक फाटलं तर तो सेल वापरू नका. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल बाबांना देऊ नका. चार्जिंग बॅटरीतच असेल तर उत्तम. टाइप-सी असली तरी काही स्वस्त बॅटऱ्या दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या केबलवर चार्ज होत नाहीत, जुन्या चपट्या तोंडाच्या केबलवरच होतात. बरोबर आलेली केबल जपून ठेवा.

आणि बटण. एकच असावं. लुकलुकणारा उजेड बंद करता येत असेल तर करून द्या, बाबा पायरीवर असताना चुकून तो लागला तर वाईट.

माजघर | २२ एप्रिल, रात्री १०:५८

दोरी विसरू नका. मनगटाला अडकवायची. विहिरीवर बॅटरी हातातून निसटली की थेट पाण्यात. आमच्या विहिरीत दोन आहेत.

सड्याखालचा | ९ जून, रात्री ८:३०

उशिरा लिहितोय, पण लिहायचं ठरवलं होतं.

ओहम यांनी सांगितलेल्या नावांपैकी एक घेतली. खडबडीत आरसा, ४००० केल्विन, बाजूला एकच बटण, टाइप-सी. सेलसकट १,६८० पडले, म्हणजे १८० जास्त. पूररेषा यांनी सांगितलेली सगळ्यात मंद पायरी तिच्यात आहे.

बाबांनी पहिल्या रात्री लावून बघितली आणि म्हणाले, हिचा उजेड कंदिलासारखा आहे, पण लांब जात नाही. व्हाळापलीकडच्या फणसापर्यंत त्यांना उजेड हवा होता. हापूसवाला, तुमची आठवण झाली. मग जुनी दोन सेलची बॅटरी पुसून, स्प्रिंग घासून, पडवीतल्या खुंटीला टांगली. फणस तिने बघतात, पायऱ्या नवीने.

गुडघ्याशी धरायची सवय लावायला आठ दिवस लागले. पहिले दोन दिवस खांद्याजवळ धरूनच चालत होते. मग मी पायरीवर एक वाळकी काजूची फांदी ठेवली आणि दोन्ही तऱ्हेने उजेड टाकून दाखवला. त्यानंतर त्यांनी स्वतःच शेजारच्या काकांना बोलावून तीच फांदी दाखवली.

डोळे तपासले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, दिवाळीनंतर ऑपरेशन करायचं ठरलंय. दृष्टी, तुम्ही लिहिलं नसतं तर माझ्या डोक्यात आलं नसतं.

दृष्टी | ९ जून, रात्री ९:१२

बरं झालं तपासलंत. तोपर्यंत पाखाडीच्या प्रत्येक पायरीच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढून घ्या. पावसाने जाईल, पण गणपतीपर्यंत दोनदा ओढायचा.

कुर्लेकार | ९ जून, रात्री ९:४०

आमच्याकडे काल पयलो पाऊस इलो. बावीस कुर्ल्यो गावल्यो. दोरी लावलास काय नाय बॅटरेक?

सड्याखालचा | ९ जून, रात्री ९:४४

लावली. आईने जुन्या नाडीची विणून दिली.